हशा आपल्या बोलीतला



भाईंदरहून उत्तनकडे जाणाऱ्या रस्त्यावरच्या आमच्या डोंगरी गावात आज हे संमेलन भरलं आहे आणि विनोदी रंगभूमीवर उभी हयात घालवलेले कलावंत इथे आले आहेत. या पट्ट्यातल्या ख्रिस्ती आणि कोळी घरांत मराठीच्या आपापल्या बोली नांदतात. मुलं मात्र शाळा-कॉलेजात गेली की त्या बोलायला लाजतात. म्हणूनच आज मालवणी बोली रंगमंचावर अभिमानाने बोलणारे विनोदी नट मच्छिंद्र कांबळी यांचं नाव आधी घ्यावंसं वाटतं.

कांबळींनी गाजवलेलं, गंगाराम गवाणकरांचं मालवणी नाटक ‘वस्त्रहरण’ १९८० साली आलं, तेव्हा नाटकांत मालवणी बोली बहुधा घरगड्याच्याच तोंडी असायची. सुरुवातीचे प्रयोग चालेनात, नाटक बंद करायची वेळ आली. मग पु. ल. देशपांड्यांनी प्रयोग पाहून कौतुकाचं पत्र लिहिलं आणि चित्र पालटलं. पुढे नाटकाने पाच हजार प्रयोगांचा टप्पा ओलांडला.

पत्राने प्रेक्षक थिएटरपर्यंत येतो. पुन्हा पुन्हा यायला त्याला नाटकातच काही मिळावं लागतं. ‘वस्त्रहरणा’त गावकरी महाभारतातला प्रसंग बसवतात आणि पावलोपावली फजिती होते. कांबळींचा तात्या सरपंच हसवायला म्हणून उभा राहत नाही. त्याला काहीही करून नाटक पार पाडायचंय. ती तळमळ खरी, म्हणून हसू खरं. गावाबद्दल तुच्छता त्यात कुठेच नाही. म्हणूनच मालवणी माणसाने हे नाटक डोक्यावर घेतलं.

विनोदी नटाच्या कारकिर्दीतून घ्यायचा पहिला धडा मला हाच वाटतो: ज्यांच्यावर हसायचं, त्यांच्यावर आधी जीव हवा. दुसरा धडा तालमीचा. हशा आला की थांबायचं, तो ओसरू लागला की पुढचं वाक्य टाकायचं. क्षणभर घाई झाली तर वाक्य हशात बुडतं, उशीर झाला तर प्रयोग पडतो. हे टायमिंग हजाराव्या प्रयोगालाही नव्याने सांभाळावं लागतं, कारण समोरचा प्रेक्षक रोज नवा असतो.

पाहुण्यांना माझी कळकळीची विनंती आहे. संध्याकाळी आमची मुलं त्यांच्या घरच्या बोलीत प्रहसन करणार आहेत. त्यांना नुसती शाबासकी देऊ नका. कुठे घाई झाली, कुठली जागा हुकली, ते स्पष्ट सांगा. आपल्या बोलीची लाज न बाळगता रंगमंचावर उभी राहणारी पिढी इथून घडावी, यासाठीच हे संमेलन आम्ही डोंगरीत भरवलं आहे.