मृत्युपत्र : मागे राहणाऱ्यांची सोय
(टोंकखुर्द येथे गणेशोत्सवात दिलेले भाषण)



वाटणी हा शब्द आपल्या देवास जिल्ह्याला नवा नाही. तुकोजीराव आणि जिवाजीराव या दोघा पवार बंधूंपासून थोरली पाती आणि धाकटी पाती झाली. 1948 साली संस्थाने मध्य भारतात विलीन होईपर्यंत एकाच देवास शहरात दोन दरबार नांदले. राजेरजवाड्यांना ते परवडले. आपल्या एका घराला आणि दहा बिघे जमिनीला परवडत नाही.

कौटुंबिक दाव्यांच्या वकिलाकडे लोक बहुधा भांडण पेटल्यावर येतात. माझ्या मते त्याचे खरे काम त्याआधीचे आहे.

पहिला गैरसमज नॉमिनीचा. "बँकेत मुलाचे नाव लावले आहे, मग मृत्युपत्र कशाला?" असे हमखास विचारले जाते. 'कालनिर्णय'कार जयंत साळगावकर 2013 साली गेले. त्यांनी 2011 सालीच मृत्युपत्र केले होते. तरीही म्युच्युअल फंडांच्या नॉमिनीवरून निघालेला प्रश्न सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि निकाल 14 डिसेंबर 2023 रोजी लागला: नॉमिनी हा मालक नव्हे. पैसे त्याच्या हाती येतात, पण हक्क मृत्युपत्राप्रमाणे किंवा वारसा कायद्याप्रमाणे ठरतो. म्हणून मृत्युपत्रात एकही ठेव सुटू देऊ नका.

नामांतरणाचेही तसेच. तहसिलीत खसऱ्यावर एकाचे नाव चढले म्हणून बाकीच्यांचा हक्क बुडत नाही.

दुसरा प्रश्न, वारस कोण? हिंदू पुरुष मृत्युपत्र न करता गेला, तर 1956 च्या कायद्याने त्याच्या स्वकष्टार्जित मिळकतीत पत्नी, मुलगे, मुली आणि आई यांना सारखा वाटा मिळतो. मागे पत्नी, एक मुलगा, एक मुलगी आणि आई असतील, तर चार वाटे होतात. त्यातली आई लोक विसरतात. वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला जन्मतः हक्क महाराष्ट्राने 1994 साली दिला, पण अविवाहित मुलींपुरता. देशभर तो 2005 साली आला, विवाहित मुलींनाही. त्या वेळी वडील हयात असण्याची गरज नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 11 ऑगस्ट 2020 रोजी स्पष्ट केले. बहिणीला हक्क सोडायचा असेल तर तिने तो समजून, आपल्या मर्जीने, नोंदणीकृत दस्ताने सोडावा. राखीच्या दिवशी कोऱ्या कागदावर सही घेऊ नये.

मृत्युपत्र करणे अवघड नाही. साधा कागद चालतो, स्टॅम्प लागत नाही. दोन साक्षीदारांसमोर सही करावी आणि त्यांनीही तुमच्यासमोर सही करावी. ज्याला मिळकत मिळणार आहे त्याला साक्षीदार न करणे शहाणपणाचे. नोंदणी सक्तीची नाही, पण वाद टाळायला उपयोगी पडते. हयात असेपर्यंत ते कितीही वेळा बदलता येते. शेवटचे ते खरे. वडिलोपार्जित मिळकतीत मात्र फक्त आपला वाटाच लिहून देता येतो.

मृत्युपत्राचे नाव काढले की घरात अभद्र बोलल्यासारखे वाटते. पण कागदपत्रे कुठे आहेत हे ठाऊक नसलेल्या विधवेला दारोदार फिरावे लागते, त्याहून अभद्र काय? गणपतीच्या निमित्ताने इंदूर-पुण्याची मुले आणि सासरच्या लेकी घरी आल्या आहेत. आरतीनंतर सगळ्यांना बसवा. काय आहे, कुठे आहे आणि कोणाला काय द्यायचे मनात आहे, ते तुमच्या तोंडून त्यांना ऐकू द्या. मग कागद करा.

गणपती बाप्पा मोरया!