दिवाळीचं कलेक्शन, उन्हाळ्याची घाई

स्वतंत्र डिझायनरचं दिवाळी कलेक्शन नवरात्रात विक्रीला येतं.
त्याचं वेळापत्रक मात्र शेवटाकडून मांडायचं.

समजा, कापड कच्छमधल्या अजरखपूरचं आहे.
2001च्या भूकंपानंतर धमडका गावच्या छपाई कारागिरांनी वसवलेलं हे गाव.
अजरख म्हणजे इथली ठशांची छपाई. तिचं कापड आधी धुतात. हिरड्याच्या पाण्यात भिजवतात.
मग ठसे. मग नीळ. पुन्हा धुणं.
आणि पुन्हापुन्हा वाळवणं, तेही कडक उन्हात.

पावसाळ्यात ते कुठून आणणार?

म्हणून छपाई मे महिन्यातच उरकलेली बरी.
नव्या ठशांची ऑर्डर त्याही आधी.
जूनमध्ये नमुना शिवून अंगावर बघायचा.
मग कटिंग, शिलाई, काज-बटण, इस्त्री.
सणाला कारागीर गावी जातात, हे तर हमखास विसरलं जातं!

पुन्हा एकदा: आधी विक्रीची तारीख, मग मागे मोजणी.

कलेक्शन आखणाऱ्यांनी आजच कॅलेंडर काढावं
आणि पहिली खूण नवरात्रावर करावी.