गोधडी शिवायच्या आधी



संक्रांत झाली तरी थंडी काही हटलेली नाही. आज पहाटे अंगावरचं पांघरूण बाजूला करताना तुम्हीसुद्धा एकदा कुस बदलली असेल. आज आम्ही त्या पांघरुणाबद्दलच बोलणार आहोत, आपल्या गोधडीबद्दल. कुणी तिला वाकळ म्हणतं. बंगालमध्ये बायका जुन्या साड्यांची कांथा शिवतात, बिहारमध्ये सुजनी, कर्नाटकात सिद्दी समाजाच्या बायका कवंदी. नावं वेगळी, पण जुनं कापड, सुई-दोरा आणि धावदोरा सगळीकडे तोच.

मागच्या वर्षी आमच्या बचत गटाला शहरातल्या एका दुकानाकडून 12 गोधड्यांची ऑर्डर मिळाली. आम्हाला केवढा आनंद! गोधडी तर आपल्या हातातलीच. शिकायला कुठं जायचं नव्हतं. दुकानाचं म्हणणं एवढंच की वरून नवं कापड हवं, लाल आणि पांढरं. आत जुन्या साड्या चालतील. मुदत दोन महिन्यांची. आम्ही गटाच्या पैशातून कापड आणलं आणि लगेच कात्री लावायला बसलो.

तेव्हा आमच्या आक्का म्हणाल्या, "पोरींनो, नव्या कापडाला आधी पाणी दाखवा. रातभर भिजू द्या. आटायचं ते आटू द्या, रंग सुटायचा तो सुटू द्या."

आम्ही म्हणालो, "आक्का, भिजवायचं, वाळवायचं, इस्त्री करायची, त्यात चार दिवस जातील. आणि धुतल्यावर कापडाचं नवेपण जातं." आक्का काही बोलल्या नाहीत. गुमान सुईत दोरा ओवला.

गोधड्या वेळेत गेल्या. पैसे आले, आम्ही पेढेसुद्धा वाटले. महिन्याभरानं दुकानातून फोन आला. गिऱ्हाइकांनी गोधड्या धुतल्या होत्या. वरचं नवं कापड आटलं. आतल्या साड्या वर्षानुवर्षं धुतलेल्या, त्या कशाला आटतील? वरचा थर आखडला, आतला तसाच राहिला. गोधडीला फुगे आले, जागोजाग टाके तुटले आणि लाल रंग पांढऱ्यावर उतरला. 5 गोधड्या परत आल्या. त्यांचे पैसे गटाला भरून द्यावे लागले. तो खड्डा भरायला आम्हाला दिवाळी उजाडली.

त्या आठवड्याची बैठक आमच्या अजून लक्षात आहे. कापड कुणी आणलं, घाई कुणी केली, एकमेकींवर बोटं दाखवून झाली. दोघी तर रडून उठून निघाल्या होत्या. आक्कांनी त्यांना हाताला धरून बसवलं आणि घरून आणलेली एक जुनी गोधडी मधोमध पसरली. म्हणाल्या, "ही माझ्या सासूबाईंनी शिवलेली. भांडण मग करा, आधी ही नीट बघा."

आम्ही बघितली. अंगाला लागणारी बाजू जुन्या सुती लुगड्याची, सगळ्यात मऊ. जमिनीकडची बाजू जाड कापडाची. कडेला चारी बाजूंनी लुगड्याचे काठ लावलेले, कारण गोधडी आधी कडेनं विरते आणि काठाची वीण घट्ट असते. पायाकडं गडद कापड, मळ दिसू नये म्हणून. तिथंच टाचा घासतात म्हणून आणखी एक पट्टी. डोक्याकडच्या कोपऱ्यात एक लाल त्रिकोण होता. आम्हाला वाटलं, तो शोभेचा. आक्का म्हणाल्या, "अंधारात कंदिलाच्या उजेडात डोक्याकडची बाजू कळावी म्हणून. पायाकडची तोंडावर कोण घेणार?"

मधोमध पिवळ्या चिंधीचा एक पक्षी होता. "आणि हा कशासाठी?" आम्ही विचारलं. आक्का हसल्या. "तो सासूबाईंना आवडला म्हणून!"

मैत्रिणींनो, डिझाइन हा शब्द आपण प्रशिक्षणात ऐकतो. आपल्याला वाटतं, डिझाइन म्हणजे नक्षी, रंगसंगती, शहरातल्या शिकलेल्या लोकांचं काम. पण त्या सासूबाई कधी शाळेत गेल्या नव्हत्या. तरी ही गोधडी कोण पांघरणार, कुठं अंथरणार, कशी धुणार, कुठून फाटणार, याचा सगळा विचार त्यांनी पहिला टाका घालायच्या आधी केला होता. आमच्या हातात टाका होता, पण तो विचार आम्ही सोडून दिला होता. आणि ज्या बाईकडं तो होता, तिला आम्ही वेळ नाही म्हणून गप्प बसवलं होतं.

आता आमच्या गटात कापायच्या आधी अर्धा तास बोलणं होतं. ही कुणासाठी? म्हाताऱ्या माणसासाठी असेल, तर जाड अशी एक न करता हलक्या दोन करायच्या, कारण ओली गोधडी पिळायला मनगटात जोर लागतो. तान्ह्या बाळासाठी असेल, तर टिकल्या-आरसे नकोत, फक्त धुऊन मऊ झालेलं सुती. नवं कापड रात्रभर भिजल्याशिवाय कात्रीखाली जात नाही. आणि मुदत ठरवतानाच ते चार दिवस आम्ही मागून घेतो. त्याच दुकानानं पुन्हा 4 गोधड्या करून बघायला दिल्या. त्यातली एकही परत आलेली नाही.

हळूहळू ही सवय घरातही आली. आमच्यातल्या एकीनं नवा कट्टा बांधताना गवंड्याला आधी स्वतःची उंची मोजायला लावली. कर्ज मागणारीलाही आता आम्ही विचारतो, बाई, हे कशासाठी आणि कुणासाठी? हा नकार नसतो. तिला स्वतःलाच ते नीट दिसावं म्हणून विचारायचं.

तर या आठवड्यात एक काम करा. घरातली सगळ्यात जुनी गोधडी उन्हात टाका. सासूबाई असतील, आई असेल, आजी असेल, तिला शेजारी बसवा आणि विचारा, हा तुकडा इथंच का लावला? ती सांगेल ते ऐका. आणि मधेच एखादा पक्षी सापडला, तर आम्हाला नक्की कळवा.