छपाईला जाण्यापूर्वी



आपल्या शहरांतून आज जी बस किंवा जी व्हॅन नखशिखान्त चित्रांनी मढलेली दिसते, तिच्यावर पूर्वीप्रमाणे पेंटरचा ब्रश फिरलेला नसतो. संगणकावर रचलेली आकृती चिकट पाठीच्या व्हिनाइलवर छापून ते व्हिनाइल पत्र्यावर ताणून बसवलेले असते. ‘रॅपिंग’ या नावाने रूढ झालेल्या या कामाचे यशापयश छपाईच्या यंत्रावर ठरत नसून त्याच्या पुष्कळ आधी, कोरलड्रॉ किंवा इलस्ट्रेटर यांमध्ये फाईल सिद्ध करणाराच्या मेजावर ठरते, असे माझे निश्चित मत आहे.

गाड्यांच्या बाह्याकृतींचे तयार टेम्प्लेट विकत मिळतात खरे. परंतु बसची चासी एका ठिकाणी आणि बॉडी दुसऱ्या ठिकाणी बांधण्याची रीत आपल्याकडे जुनी आहे. एस.टी. महामंडळाने तर दापोडी, चिकलठाणा आणि हिंगणा येथील स्वतःच्या कार्यशाळांत गाड्या बांधल्या. अशा स्थितीत कागदावरच्या खिडक्या प्रत्यक्षातील खिडक्यांशी बरहुकूम जुळतील असे गृहीत धरता येत नाही. म्हणून टेप घेऊन गाडीपाशी जावे, चाकावरची कमान, दाराची फट, डिझेलचे झाकण, रिव्हेटांची ओळ यांची मापे टिपावीत, आणि संस्थेच्या दूरध्वनी क्रमांकातील एखादा आकडा दाराच्या मुठीखाली दडणार नाही अशी तजवीज फाईलमध्येच करावी.

बारा मीटर लांबीची बस म्हणजे सुमारे ४७२ इंच, आणि इलस्ट्रेटरच्या पृष्ठाची पूर्वापार मर्यादा २२७ इंचांची. त्यामुळे अशी कामे एकदशांश मापात करण्याचा प्रघात पडला. रेषांनी घडलेली आकृती दसपट केली तरी तिची धार बोथट होत नाही. छायाचित्राचे तसे नाही. ३,००० पिक्सेल रुंदीचे छायाचित्र त्या बसच्या संपूर्ण बाजूवर पसरले, तर इंचामागे जेमतेम सहा पिक्सेल उरतात. पूर्ण मापात इंचामागे १०० हवे असतील, तर एकदशांश मापाच्या फाईलमध्ये ते १,००० असले पाहिजेत, हा हिशेब ग्राहकाचे छायाचित्र स्वीकारतानाच मांडावा.

परंतु ज्या बाबतीत आपली मंडळी सर्वांत अधिक हयगय करतात, आणि जिच्यासाठी मी आज मुख्यतः बोलत आहे, ती बाब देवनागरी अक्षराची. श्री-लिपीसारख्या जुन्या पद्धतीच्या फॉन्टमध्ये जुळवलेला मजकूर, तो फॉन्ट नसलेल्या संगणकावर उघडला की मराठीच्या जागी निरर्थक रोमन चिन्हे उमटतात. म्हणून अक्षरांचे कर्व्ह, म्हणजे नुसत्या बाह्यरेषा, करून मगच फाईल बाहेर पाठवावी, हे बहुतेकांस ठाऊक असते. पुढची पायरी मात्र राहून जाते. समजा, फिरत्या वाचनालयाच्या गाडीवर ‘वाचनालय’ हा शब्द रंगीत व्हिनाइलमधून कापून लावावयाचा आहे. त्यातील प्रत्येक अक्षराची शिरोरेषा शेजारच्या शिरोरेषेवर किंचित चढलेली असते. पडद्यावर ती एकसंध भासते. पण कटिंग प्लॉटरचे पाते प्रत्येक कर्व्हच्या कडेने इमानाने फिरते आणि शिरोरेषेचे प्रत्येक सांध्यावर तुकडे करते. छपाईच्या कामातही, हे कर्व्ह नुसते कम्बाइन केले तर जेथे एक रेषा दुसरीवर चढते तेथे पांढरी चौकट उघडी पडते. यावर उपाय म्हणजे सर्व कर्व्ह वेल्ड करून शिरोरेषा खऱ्या अर्थाने एक करणे, आणि त्या खटपटीत ‘व’ची पोकळी भरून गेलेली नाही, हे मोठे करून, एकेक अक्षर निरखून पाहणे. बाराखडी शिकणारी मुले जी गाडी दारात येताच धावत जातील, तिच्यावर तुटक्या शिरोरेषेचा शब्द असावा, हे मला सहन होत नाही.

रंगांविषयी इतकेच की पडद्यावरचा तेजस्वी भगवा चार शायांच्या छपाईत हमखास मंदावतो. तेव्हा प्रत्यक्ष व्हिनाइलवर नमुन्याची पट्टी काढून तीच ग्राहकाकडून मंजूर करून घ्यावी. काचेवर तर मजकूर घालूच नये. पुढच्या व मागच्या काचेतून ७० टक्के आणि बाजूच्या काचांतून ५० टक्के प्रकाश आरपार गेला पाहिजे, असा केंद्रीय मोटार वाहन नियमांचा दंडक आहे.

व्हिनाइलचा रोल बहुधा ५४ इंच रुंदीचा असल्याने बसची एक बाजू सुमारे नऊ उभ्या पट्ट्यांत विभागावी लागते. प्रत्येक सांध्यावर अर्धा ते एक इंच चित्र दोन्ही पट्ट्यांत यावे, बाहेरच्या कडांना काही इंच जादा चित्र सोडावे, आणि पट्ट्यांना मागून पुढे असे क्रमांक द्यावेत. कारण छपरावर कौले चढवावीत तसा पुढचा पट्टा मागच्यावर चढला, तरच समोरून येणारा वारा सांध्यात शिरत नाही. छपाई झाल्यावर सॉल्व्हंट शाईतील द्रव उडून जाण्यास निदान एक अहोरात्र द्यावे लागते. त्याआधी लॅमिनेशन, म्हणजे वरचा पारदर्शक थर, चढवला तर कोंडलेला द्रव गोंद मऊ करतो आणि कडा सुटू लागतात. उद्घाटनाची तारीख ठरवताना गाडीच्या मालकाने एवढी मुदत कारागिरास अवश्य द्यावी.