धुरकट जांभळी भिंत

(मंडळाच्या गणेशोत्सवात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



मी राजेश्वरचा. सिव्हिलचा डिप्लोमा आणि सरकारी नोकरी, त्यामुळे सजावटीवर बोलताना मी भिंतीपासूनच सुरुवात करणार. रंगही एकच घेतो. आमचा पेंटर त्याला कन्नडात ‘नेरळे’ म्हणतो, दुकानदार ‘जामुनी’ आणि घरातल्या बायका ‘जांभळा, पण मळका’. काळ्या द्राक्षावर पांढुरकी साय धरते ना, तो हा रंग.

वडीलधारे लगेच म्हणतात, घर उदास दिसेल. त्यांनी शोकेसमधली बिदरी सुरई बाहेर काढून बघावी. जस्त आणि थोडं तांबं यांची ती वस्तू. त्यात चांदी ठोकून बसवतात आणि मग बीदरच्या किल्ल्यातली माती व नवसागर लावून काळी करतात. धातू काळा पडतो, चांदी तशीच राहते. मागची जमीन मंद, म्हणून नक्षी उठते. धुरकट जांभळ्या भिंतीपुढे पितळी समई, झेंडूचं तोरण, गणपतीचं पिवळं पितांबर असंच उठून दिसतं, कारण जांभळा आणि पिवळा हे एकमेकांचे विरुद्ध रंग आहेत. पांढऱ्या भिंतीपुढे पितळ फिकं वाटतं, असं माझं मत.

मात्र चारही भिंती रंगवू नका. जुन्या घरांच्या खिडक्या लहान असतात. खिडकीसमोरची एकच भिंत घ्या, आढं पांढरं ठेवा.

आता खरा मुद्दा. आपल्याकडे अजून दगड-मातीची, चुन्याच्या गिलाव्याची घरं आहेत. जमिनीतली ओल अशा भिंतीत चढते आणि चुन्यातून हळूहळू वाळून जाते. तिच्यावर ऑइलपेंट किंवा प्लास्टिक पेंट मारला की ओल आत कोंडते, रंगाला फुगे येतात, पोपडे सुटतात. मग ‘भिंत नासली’ म्हणून लोक पिढ्यांची भिंत पाडायला निघतात. अहो, पाडण्याआधी तो रंग खरवडून बघा!

अशा भिंतीला चुनाच द्यावा. चुन्यात सगळे रंग टिकत नाहीत, पण भुकटीची नीळ आणि गेरू टिकतात, आणि दोन्ही मिळून हाच धुरकट जांभळा होतो. बाटलीतली पातळ नीळ नको, ती वेगळी. चुना विरवून, एक रात्र ठेवून, फडक्यातून गाळा. थोडा डिंक घाला. ओला हात गडद दिसतो, वाळला की बराच उतरतो, म्हणून घाबरून लगेच चुना वाढवू नका. पावसाळ्यात हे काम नीट वाळत नाही. गणपती होऊ द्या, दिवाळीआधी काढा.

नव्या सिमेंटच्या घरात तयार डबा चालेल, पण गिलाव्यावर निदान 28 दिवस जाऊ द्यावेत. आणि आधी दोन फूट चौकोन रंगवून सकाळी, दुपारी व दिवे लागल्यावर पाहा. पांढऱ्या एलईडीखाली हा रंग निळसर राखाडी होतो, पिवळ्या दिव्याखाली तपकिरीकडे झुकतो.

पेंटरला नीळ आणि गेरू मोजून द्या, अंदाजाने नको. पूर्ण भिंतीचा रंग एकाच पिंपात कालवायला सांगा. दुसऱ्या वेळी प्रमाण हललं की भिंतीवर पट्टा दिसतो. कुणाची भिंत फुगली असेल तर चहाच्या वेळी सांगा, येऊन पाहीन.