भरलेली टाकी, न गेलेले औषध



मोठ्या गृहसंकुलातील सांडपाणी प्रक्रिया करून फ्लशसाठी किंवा बागेसाठी वापरले जाते,
आणि त्यापूर्वी त्यात सोडियम हायपोक्लोराइट, म्हणजे जंतू मारणारे क्लोरीनयुक्त द्रावण, मिसळले जाते.
हे द्रावण एका लहान टाकीत असते,
आणि डोसिंग पंप, म्हणजे ठरावीक मात्रा सोडणारा पंप, ते थोडेथोडे पाण्यात सोडतो.

टाकी रिकामी तर झाली नाही ना, एवढेच बहुधा पाहिले जाते;
वस्तुतः भरलेली टाकी अधिक फसवी असते.
हायपोक्लोराइटमधून वायूचे बुडबुडे सुटतात,
आणि ते पंपात अडकले, की पंपाचा आवाज येतो, दिवाही लागलेला दिसतो,
पण द्रावण पुढे सरकत नाही.
म्हणून रोज ठरलेल्या वेळी टाकीवरील खूण पाहून पातळी नोंदवहीत लिहावी,
आणि ती कालच्यापेक्षा किती उतरली, हे ताडून पाहावे.
पुन्हा सांगायचे, तर पातळी किती आहे, यापेक्षा ती किती उतरली, हे महत्त्वाचे;
ती उतरलीच नाही, तर औषध पाण्यात गेलेच नाही.

उन्हाने आणि उष्णतेने द्रावणाचा जोर ओसरतो,
त्यामुळे साठा बेताचा आणि सावलीत असावा.
द्रावण मिसळून सुमारे 30 मिनिटे झाल्यावर, पाण्याच्या नमुन्यात ऑर्थोटोलिडिन या रसायनाचे थेंब टाकले
आणि पिवळी छटा आली, तर क्लोरीन शिल्लक आहे, असे समजावे.

टाकी धुताना मात्र ॲसिड वापरू नये;
हायपोक्लोराइटशी संपर्क येताच विषारी क्लोरीन वायू सुटतो.