राजा चांगला होता, पण विचारणार कोण?

आजचा विषय अनियंत्रित राजेशाही. म्हणजे राजाचा शब्द हाच कायदा. उदाहरणासाठी फ्रान्सच्या चौदाव्या लुईपर्यंत जायला नको, आपलं वाशिम पुरेसं आहे.

वाशिम म्हणजे जुनं वत्सगुल्म, वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी. १९३९ साली इथं दुसऱ्या विंध्यशक्तीचा ताम्रपट सापडला. राज्याच्या ३७व्या वर्षी त्याने एक गाव अथर्ववेदी ब्राह्मणांना दान दिलं, त्याची ही नोंद.

वाकाटकांच्या दानपत्रांत सवलतींची यादी असते. गावात शिपाई शिरणार नाहीत, कर नाही, वेठबिगार नाही, दूध-फुलं-कोळसा कोणी मागणार नाही. आता ही यादी उलटी वाचा. ज्या गावांना ताम्रपट मिळाला नाही, तिथं हे सगळं चालत असणार ना?

अमरावती जिल्ह्यातल्या चम्मकचा ताम्रपट तर आणखी स्पष्ट बोलतो. तो दुसऱ्या प्रवरसेनाचा, वाकाटकांच्या दुसऱ्या शाखेचा. त्यात अट आहे: दान घेणाऱ्यांनी राज्याशी द्रोह केला, लढाई केली, तर राजा जमीन परत घेईल आणि ती चोरी ठरणार नाही. म्हणजे दिलं ते मेहेरबानी म्हणून, हक्क म्हणून नाही.

राजा अगदीच मोकाट होता असं नाही. धर्म, रूढी, सामंत, मंत्री यांचा धाक होताच. पण साध्या कुणब्याच्या हातात काय होतं? काहीच नाही.

हे फार जुनं वाटतंय? मग १८५३ बघा. निजामाने फौजेच्या खर्चापोटी वऱ्हाड कंपनीच्या ताब्यात दिला, त्यात आपलं वाशिमही गेलं. १९०२ मध्ये तोच वऱ्हाड वर्षाला २५ लाख रुपयांवर कायमच्या पट्ट्याने इंग्रजांना दिला. एखादं वावर ठोक्याने द्यावं तसा अख्खा मुलूख! इथल्या माणसाला कोणी विचारलं नाही.

आपण सहज म्हणतो, "एकच कडक माणूस पाहिजे, सगळं सरळ होईल." होईलही. पण तो चुकला तर त्याला थांबवायचं कसं? आज आपण माहितीचा अर्ज टाकतो, कोर्टात जातो, पाच वर्षांनी मत फिरवतो. हे सगळं हळू चालतं, मान्य. पण ते आपल्या हातात आहे, कोणाच्या ताम्रपटावर अवलंबून नाही.

तुम्हाला काय वाटतं, नक्की कळवा. भेटू पुढच्या भागात!